बाबांची छातीची गोळी 'लागेनाशी' झालीय. व्हिटॅमिन सी-ई घेऊन खरंच फरक पडतो का?

सुरसागरकाठी | २ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे. बडोद्याला दांडिया बाजारातल्या जुन्या घरात आई-बाबा दोघंच राहतात. मी अलकापुरीत, दिवसाआड फेरी असते. चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. आणखी एक बारीक फांदी आहे, तिथे काही करता येणार नाही म्हणाले, ती औषधांवर ठेवलीय. त्या औषधांत आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट २० मिलिग्रॅम आहे, दिवसातून दोनदा. शिवाय शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट कायम.

तीन-साडेतीन वर्षं सगळं झकास चाललं होतं. संध्याकाळी सुरसागर तलावाला दोन फेऱ्या, मग बाकावर बसून मित्रांबरोबर राजकारण. गेल्या दोन-अडीच महिन्यांत मात्र एका फेरीतच थांबावं लागतं. जिना चढताना छातीवर कोणी हात ठेवून दाबतंय असं वाटतं म्हणतात. जिभेखालची गोळी ठेवली की पूर्वी दोन-तीन मिनिटांत मोकळं व्हायचं, आता म्हणतात, "खडीसाखर ठेवल्यासारखी वाटते, लागतच नाही."

तेवढ्यात त्यांच्या बाकावरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. नायट्रेटच्या गोळ्यांची शरीराला सवय होते, अँटिऑक्सिडंट घेतले की ती सवय मोडते, असा. बाबा लगेच जाऊन व्हिटॅमिन ई ४०० च्या कॅप्सूल आणि व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या घेऊन आले. मेडिकलवाला म्हणाला, "काका, नुकसान तो नथी ज" (नुकसान तर नाहीच). झालं! आता बाबा रोज सकाळी पोह्यांबरोबर त्या घेतात आणि मला सांगतात, पंधरा दिवस थांब, बघ.

या मेसेजमध्ये काही तथ्य आहे की नेहमीचंच?

हृदयस्थ | २ डिसेंबर, रात्री ११:२५

ताई, मी फिजिशियन आहे, पण इथून बाबांना तपासू शकत नाही, हे आधीच सांगतो.

मेसेजचं नंतर बघू. दोन महिन्यांत चालण्याची ताकद निम्म्यावर आलीय ही बातमी मोठी आहे. 'पंधरा दिवस थांब' हे चालणार नाही. याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि बसल्या जागी दुखलं, घाम सुटला, किंवा जिभेखालच्या गोळीने पाच मिनिटांत उतार पडला नाही, तर १०८ ला फोन. ग्रुपवर विचारत बसायचं नाही. हा ग्रुपसुद्धा त्यात आला.

आता प्रश्न. जमलं तर उद्या उत्तरं लिहा.
मोनोनायट्रेटच्या दोन गोळ्या घड्याळात नेमक्या किती वाजता घेतात? चिठ्ठीवर काय लिहिलंय ते नको, खरोखर किती वाजता ते सांगा.
गोळी सुरू झाली तेव्हा डोकं दुखायचं का, आणि आता दुखतं का?
जिभेखालच्या गोळ्यांची पट्टी कधी आणलेली, आणि ठेवतात कुठे?
प्रोस्टेटसाठी किंवा आणखी कशासाठी मध्येच काही सुरू झालंय का?

शेवटचा प्रश्न मुलीने विचारायला अवघड वाटेल. आईंना विचारायला सांगा, पण विचाराच.

सेवउसळ_तरी_वेगळी | ३ डिसेंबर, सकाळी ७:१०

आमच्याकडे मेडिकलवाले 'नुकसान तो नथी ज' म्हणून काहीही देतात आणि आपणही घेतो. भाजीवालीकडून मेथी घेताना मात्र जुडी चारदा उलटीपालटी करून बघतो.

धागा वाचतोय. वडिलांची तीच गोळी चालू आहे.

आंबेहळद | ३ डिसेंबर, सकाळी ९:०२

ताई, कॅप्सूल कशाला? डिसेंबर लागलाय, खंडेराव मार्केटला जा, आवळे ढिगाने आलेत, ओली हळद, आंबेहळद सगळं आलंय. आवळ्यात सी भरपूर असतं. आमच्या सासूबाई थंडीभर ओल्या हळदीचं आणि आंबेहळदीचं लिंबू पिळलेलं लोणचं देतात पानात. त्यांना ८६ वं चालू आहे, एक गोळी नाही.

रावपुरा१९६२ | ३ डिसेंबर, सकाळी ११:३०

मेसेज खोटा नाही. मीही वाचला. जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. डॉक्टर लोकांना स्वस्तातला उपाय सांगायचा नसतो, म्हणून ते बोलत नाहीत.

सुरसागरकाठी | ३ डिसेंबर, दुपारी ४:१५

डॉक्टर, आज मुद्दाम तिकडे जाऊन सगळं बघून आले. उत्तरं लिहिते. लिहिताना थोडी लाज वाटतेय, का ते कळेल.

डोकं: पहिले दहा-बारा दिवस सणसणीत दुखायचं, बाम चोळून बसायचे. मग कमी झालं, पण बारीकसं असायचंच. आता? "छे, कित्येक महिन्यांत नाही," असं अभिमानाने सांगितलं.

पट्टी: एक खिशात, एक देवघराच्या खणात, आणि तिसरी स्कूटरच्या डिकीत. उन्हाळाभर तिथेच होती म्हणे.

प्रोस्टेट: आईने विचारलं. तसलं काही नाही. (बाबा दोन तास माझ्याशी बोलले नाहीत.)

आता वेळा. सकाळी ८ आणि रात्री ९.

मी जुनी फाइल काढली. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलंय: सकाळी ८, दुपारी ३. खाली अधोरेखित करून 'रात्री नाही'. चार वर्षं ते ८ आणि ३ लाच घेत होते. दुपारची गोळी वामकुक्षीत सापडायची, कधीमधी विसरायची. म्हणून गणपतीत भाऊ पुण्याहून आला तेव्हा त्याने गोळ्यांची डबी आणली. सात दिवसांचे कप्पे, प्रत्येकात दोन खण, एकावर सूर्य, दुसऱ्यावर चंद्र. दर रविवारी ती डबी मीच भरते. दिवसातून दोनदा म्हणजे एक सूर्यात, एक चंद्रात. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. उलट साधारण बारा-बारा तासांनी घेतात, आता नीट शिस्त लागली, याचं मला समाधान होतं.

गणपतीनंतर दोन-तीन आठवड्यांतच त्यांचं चालणं कमी झालं. मी तारखा जुळवत बसलेय.

हृदयस्थ | ३ डिसेंबर, रात्री ९:५०

ताई, स्वतःला बोल लावू नका. ही चूक मी दर महिन्याला एकदा तरी बघतो, आणि ती काळजी घेणाऱ्यांच्याच घरी होते. बेफिकीर घरात गोळ्या तशाही विसरतात, त्यामुळे ही अडचण येत नाही!

बहुतेक औषधं समान अंतराने घ्यायची असतात. नायट्रेट हा त्याला अपवाद आहे. ते चोवीस तास रक्तात राहिलं की रक्तवाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात. म्हणून दिवसाचे दहा-बारा तास तरी रक्तातली पातळी उतरू द्यावी लागते, बहुधा रात्रीचे. ८ आणि ३ हे वेडंवाकडं दिसणारं वेळापत्रक त्यासाठीच असतं. सात तासांच्या अंतराने दोन गोळ्या, मग मोठी सुट्टी. ८ आणि ९ केलं की सुट्टीच संपली. जिभेखालची गोळीही त्याच जातीची असल्याने तिचाही जोर जातो. बाबांचं 'खडीसाखर' हे वर्णन अगदी नेमकं आहे.

पण याचा अर्थ निदान झालं असा घेऊ नका. स्टेंट असलेल्या माणसाचं दुखणं वाढलं तर आधी नळी पुन्हा चोंदलीय का, हिमोग्लोबिन उतरलंय का, थायरॉइड बिघडलंय का, हे बघावं लागतं. 'सवय झाली' हे सगळं तपासून झाल्यावर म्हणायचं. वेळा स्वतःहून बदलू नका. उद्याच फोन करून त्यांच्या डॉक्टरांना हे डबीचं सांगा.

डिकीतली पट्टी फेकून द्या. बडोद्याच्या मे महिन्यात डिकी म्हणजे भट्टी.

गोळीवाले_काका | ३ डिसेंबर, रात्री ११:०५

मी ३१ वर्षं इथल्याच एका औषध कंपनीत उत्पादन विभागात होतो, आता निवृत्त. हृदयाच्या गोळ्यांची एक खोली आमच्याकडे होती, त्यातलं एक दृश्य सांगतो.

आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट शुद्ध रूपात स्फोटक असतं. म्हणून कारखान्यात ते तसं येतच नाही, लॅक्टोजसारख्या भुकटीत मिसळून पातळ केलेलं येतं. दिसायला पिठीसाखर. मास्क, हातमोजे सगळं असायचं, तरी थोडी धूळ अंगात जायचीच. नवीन पोरगा त्या खोलीत लागला की पहिल्या दिवशी दुपारच्या आत दोन्ही हातांनी डोकं धरून बाहेर येऊन बसायचा. आम्ही त्याला चहा पाजायचो. बुधवारपर्यंत तो शीळ घालत काम करायचा. त्याला वाटायचं, जमलं. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा तोच चहा, तेच डोकं.

आमच्या शिफ्टच्या जुन्या सुपरवायझरनी मला सांगितलं होतं, हे जगभर ठाऊक आहे, याला सोमवारचं दुखणं म्हणतात. डायनामाइटच्या कारखान्यांत शंभर वर्षांपूर्वीपासूनचा अनुभव. नायट्रोग्लिसरिन हाताळणारे कामगार सोमवारी डोकेदुखीने बेजार, आठवड्याच्या मध्यापर्यंत ठणठणीत. कोणी कोणी म्हणे शनिवारी टोपीच्या पट्टीला थोडं चोळून घरी जायचे, सुट्टीतही सवय टिकावी म्हणून. आणि काहींना सुट्टीच्याच दिवशी छातीत दुखायचं, कारण अंगातलं नायट्रेट अचानक उतरायचं.

म्हणजे बघा ताई, तुमच्या बाबांचं डोकं दुखायचं थांबलं ही खुशखबर नव्हती.

नायट्रोग्लिसरिन पहिल्यांदा बनवलं इटलीच्या सोब्रेरोने, १८४७ च्या सुमारास. त्याने जिभेला लावून पाहिलं तेव्हा त्याचंही डोकं ठणकलं होतं. छातीच्या दुखण्यावर ते १८७९ मध्ये विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरने वापरून लिहिलं. आणि ज्याने त्याचं डायनामाइट केलं त्या आल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं. १८९६ साली, मरणाच्या थोडं आधी, त्याने मित्राला पत्रात ही गंमत कळवली होती, की लोक घाबरू नयेत म्हणून याला ट्रायनायट्रिन म्हणतात.

सेवउसळ_तरी_वेगळी | ३ डिसेंबर, रात्री ११:२०

काका, बाबा शर्टाच्या खिशात सुरुंग घेऊन फिरतात हे आईला कळू देऊ नका.

गोळीवाले_काका | ३ डिसेंबर, रात्री ११:२६

गोळीत ते इतकं थोडं आणि इतक्या भुकटीत असतं की काडी लावली तरी काही होणार नाही. निश्चिंत झोपा.

मुक्तमूलक | ४ डिसेंबर, दुपारी १:३०

मी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकवतो. हृदयाचा डॉक्टर नाही. पण मूळ प्रश्न अँटिऑक्सिडंटचा होता आणि तो बाजूलाच पडला, म्हणून लिहितो. रावपुरा साहेबांचा मेसेज निव्वळ थाप नाही. त्यामागे खरं संशोधन आहे, आणि तेच जास्त रंजक आहे.

नायट्रेटची गोळी स्वतः काही करत नाही. पेशीत गेल्यावर तिच्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू किंवा त्याच्यासारखं काम करणारं काहीतरी तयार होतं. हा निरोप्या. तो रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला सांगतो, सैल हो. वाहिन्या पसरतात, विशेषतः शिरा, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, पंपावरचा भार हलका होतो. या निरोप्याच्या शोधाला १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना. नोबेलच्या औषधाचं कोडं सोडवणाऱ्यांना नोबेलच्याच पैशातून बक्षीस.

मग सवय का होते? १९७३ मध्ये नीडलमन आणि जॉन्सन यांनी म्हटलं, पेशीतले गंधकाचे गट संपतात, म्हणून. पुढे कफ पातळ करायला देतात ते एन-ॲसिटिलसिस्टीन देऊन ते भरून काढायचा प्रयत्न झाला. कुठे गुण आला, कुठे नाही.

१९९५ मध्ये मुन्झेल आणि सहकाऱ्यांनी सशांवर दुसरी गोष्ट दाखवली. नायट्रोग्लिसरिन सतत दिलं की वाहिनीच्या अस्तरात सुपरऑक्साइड नावाचा मुक्त मूलक (फ्री रॅडिकल, दिसेल त्याच्याशी झटापट करणारा रेणू) वाढतो. (माझं इथलं नाव त्याच्यावरूनच.) हा मूलक नायट्रिक ऑक्साइडला वाटेतच गाठतो आणि दोघांचं मिळून पेरॉक्सिनायट्राइट हे तिसरंच दाहक रसायन होतं. निरोप पोचतच नाही. गोळी चालू असते, पण घरापर्यंत कोणी येत नाही.

आणि २००२ मध्ये स्टॅम्लर यांच्या गटाने तिसरा दुवा दाखवला. नायट्रोग्लिसरिनचं रूपांतर करणारं मुख्य एन्झाइम पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातलं एएलडीएच-२ आहे. दारू प्यायल्यावर तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड निस्तरणारं तेच. (गुजरातेत त्याला तसं काम कमी.) पूर्व आशियात पुष्कळ लोकांत ते जन्मतःच लुळं असतं. घोटभर प्यायली की चेहरा लाल होतो, आणि त्यांना नायट्रोग्लिसरिनचा गुणही कमी येतो. सतत नायट्रोग्लिसरिन मिळालं की हे एन्झाइमच गंजतं. आपल्याच कामाने आपलंच हत्यार बोथट होतं.

सुपरऑक्साइड आणि गंज एकदा चित्रात आले की पुढचा विचार कोणालाही सुचेल: अँटिऑक्सिडंट म्हणजे असा गंज रोखणारे पदार्थ, ते देऊन बघू. १९९७-९८ मध्ये जपानमध्ये वातानाबे यांच्या गटाने व्हिटॅमिन ई आणि सी, जर्मनीत बासेंगे यांच्या गटाने व्हिटॅमिन सी देऊन पाहिलं, आणि सवय होणं बऱ्यापैकी टळलं. हे खरं आहे. त्या आधारावरच तो मेसेज फिरतोय.

पण ते प्रयोग नीट वाचा. माणसं मोजकी, त्यांत निरोगी स्वयंसेवकही. मुदत काही दिवसांची. मोजलं काय, तर हाताच्या वाहिन्या किती पसरल्या, रक्तदाब किती उतरला, रक्तकणांत कुठलं रसायन किती. जिना किती चढता आला, वर्षभराने काय झालं, हे त्यांत नाही. आणि प्रयोग होते नायट्रोग्लिसरिनवर, बरेचसे त्वचेवरच्या पट्टीने सतत दिलेल्या. ताईंच्या बाबांना मोनोनायट्रेट आहे. त्याचा पेशीतला मार्ग वेगळा, एएलडीएच-२ वर ते तसं अवलंबून नाही. एका गोळीचा निकाल दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही.

शिवाय सवयीचा एक भाग पेशीच्या बाहेरचा आहे. वाहिन्या पसरल्या की शरीराला वाटतं रक्तदाब पडतोय, मग ते मीठ-पाणी धरून ठेवतं, वाहिन्या आवळणारी संप्रेरकं सोडतं. तिथे व्हिटॅमिन सी काय करणार?

आंबेहळद | ४ डिसेंबर, दुपारी २:१०

म्हणजे प्रयोगात गुण आला हे तर तुम्हीच कबूल केलंत. मग आवळा खाल्ला तर बिघडलं काय?

मुक्तमूलक | ४ डिसेंबर, दुपारी २:४०

आवळा खाऊन काहीच बिघडत नाही, मीही खातो, मीठ लावून. पण 'आवळा चांगला' आणि 'आवळ्याने नायट्रेटची सवय मोडते' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं तुमच्या सासूबाईंनी सिद्ध केलंय. दुसरं अजून कोणी नाही.

आंबेहळद | ४ डिसेंबर, दुपारी २:४४

सासूबाईंना वाचून दाखवलं. खूश आहेत. रेसिपी विभागात लोणच्याचा धागा काढते, तिथे या.

हृदयस्थ | ४ डिसेंबर, रात्री १०:१५

मुक्तमूलक सरांनी छान उलगडलं. मी दवाखान्याच्या बाजूने पुरवणी जोडतो.

रावपुरा साहेब, डॉक्टर बोलत नाहीत असं नाही. एके काळी आम्हीच व्हिटॅमिन ई वाटत होतो, हृदयरोग्यांना तर सर्रास. मग मोठ्या चाचण्या झाल्या. २००० साली होप या चाचणीत साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना सरासरी साडेचार वर्षं व्हिटॅमिन ई ४०० युनिट दिलं, अगदी बाबांनी आणली तीच मात्रा. हार्ट ॲटॅक, मृत्यू, कशातच फरक नाही. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत वीस हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना ई, सी आणि बीटा कॅरोटीन पाच वर्षं दिलं. फरक शून्य. होपमधल्या लोकांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर उलट थोडं जास्त निघालं. या चाचण्या नायट्रेटच्या सवयीसाठी केलेल्या नव्हत्या, हे मान्य. पण 'नुकसान तो नथी ज' म्हणणाऱ्याला त्या दाखवाव्यात. वॉर्फरिन हे रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर ईचे मोठे डोस रक्तस्राव वाढवू शकतात. मुतखडा होणाऱ्याने सीच्या मोठ्या गोळ्या टाळाव्यात.

गंमत अशी की याच विचारातून एक उपाय प्रत्यक्षात उतरला, पण तो व्हिटॅमिनचा नाही. हायड्रॅलझिन हे रक्तदाबाचं जुनं औषध सुपरऑक्साइड तयार करणाऱ्या यंत्रणेलाच आवर घालतं, असं प्रयोगशाळेत दिसलं. हार्ट फेल्युअरमध्ये ते आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटच्या जोडीने देतात. २००४ मध्ये अमेरिकेत आफ्रिकन वंशाच्या १०५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत या जोडीने मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी झाले. सुधारणा नेमकी सवय टळल्यामुळे झाली का, यावर वाद आहे. बाबांचा आजार वेगळा, त्यामुळे हे त्यांच्यासाठी नाही. पण कल्पना मेली नाही, एवढं सांगायचं होतं.

आज रोज काय वापरतो? रिकामे तास. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून बहुतेक त्याचे मेसेज फिरत नाहीत.

छप्पनदुकान | ५ डिसेंबर, सकाळी १०:३०

इंदूरहून. सासऱ्यांना नायट्रोग्लिसरिनची त्वचेवर चिकटवायची पट्टी आहे. डॉक्टरांनी रात्री काढायला सांगितलीय, पण ते म्हणतात, महागाची आहे, चोवीस तास वसूल करू. हा धागा वाचून दाखवते.

दुसरं, बीटाच्या रसात नायट्रेट असतं म्हणतात. तो प्यायल्याने सवय वाढेल का?

मुक्तमूलक | ५ डिसेंबर, दुपारी १२:१०

नाव एक, प्रकार दोन. बीट, पालक, मेथी यांतलं नायट्रेट म्हणजे साधा क्षार. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि त्यातून हळूहळू थोडं नायट्रिक ऑक्साइड बनतं. गोळीतलं नायट्रेट सेंद्रिय, रचना वेगळी, वाट वेगळी. बीटाची कोशिंबीर खुशाल खा. फक्त बीट खातोय म्हणून गोळी बंद, असं कोणी करू नये.

हृदयस्थ | ५ डिसेंबर, दुपारी १:०५

पट्टी रात्री काढायचीच. त्या पट्ट्या आल्या तेव्हा चोवीस तास लावायच्या म्हणून आल्या होत्या. दिवसभरातच गुण ओसरतो हे लक्षात आल्यावर 'रात्री काढा' हा नियम आला. चोवीस तास लावली तर सासऱ्यांचे दिवसाचे पैसेही बुडतात, असं सांगून बघा. इंदूरकरांना हिशोब पटेल.

प्रोस्टेटचं का विचारलं तेही सांगतो. टॅडालाफिल हे औषध हल्ली प्रोस्टेटसाठीही रोज देतात. ते किंवा सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा) नायट्रेटबरोबर पोटात गेलं तर रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास, टॅडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट घ्यायचं नाही. लोक लाजेने सांगत नाहीत आणि युरॉलॉजिस्टला हृदयाची चिठ्ठी दाखवत नाहीत.

आणि जिभेखालची गोळी बसून घ्यायची. उभ्याने घेऊन चक्कर येऊन पडलेले मी पुष्कळ पाहिलेत.

रावपुरा१९६२ | ५ डिसेंबर, रात्री ८:४०

माझीही सकाळ-रात्रच चालू आहे. चिठ्ठी बघितली. १-१-० लिहिलंय. शून्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. उद्या फोन करतो.

सुरसागरकाठी | १२ डिसेंबर, रात्री ९:३०

उशीर झाला, क्षमस्व. बाबांना दुसऱ्याच दिवशी दाखवलं. ईसीजी, इको, रक्त सगळं झालं. ईसीजीत नवीन काही नाही, हिमोग्लोबिन ठीक. ट्रेडमिलला ते थकले, पण डॉक्टर म्हणाले, लगेच अँजिओग्राफीची घाई नको, आधी वेळा सुधारून तीन आठवडे बघू. डबी मी सोबत नेली होती. त्यांनी उघडून पाहिली, चंद्राच्या खणातली गोळी बोटाने उचलून माझ्या हातावर ठेवली, आणि म्हणाले, "ही तीनला." बस, एवढंच. रागावले नाहीत, त्याने जास्तच वाईट वाटलं.

मी विचारलं, रात्र रिकामी ठेवायची, आणि रात्रीच दुखलं तर? ते म्हणाले, त्यासाठी दुसरी गोळी आहे, नाडी मंद ठेवणारी. तिचा डोस थोडा वाढवलाय. जिभेखालची उशाशी ठेवायची, नवी पट्टी, तारीख बघून.

व्हिटॅमिनचं विचारलं तर हसले. सी चघळायची असेल तर चघळा, ई बंद.

सुरसागरकाठी | ३ जानेवारी, सायंकाळी ६:५०

तीन आठवडे झाले. काल बाबांनी सुरसागरला दीड फेरी मारली, न थांबता. दोन नाही, दीड. परवा जिना भरभर चढले आणि दुखलं, तेव्हा जिभेखालची गोळी ठेवली. दोन मिनिटांत उतार पडला, आणि मग अर्धा तास डोकं धरून बसले. आई घाबरली. मी मात्र फोनवर "डोकं दुखतंय? छान!" म्हटलं आणि शिव्या खाल्ल्या.

दोन गोष्टी एकदम बदलल्यात, वेळाही आणि दुसऱ्या गोळीचा डोसही. कशाने किती फरक पडला ते डॉक्टरही सांगत नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रेडमिल.

गोळीवाले_काका | ३ जानेवारी, सायंकाळी ७:१५

सोमवार आला म्हणायचा!

आंबेहळद | ३ जानेवारी, सायंकाळी ७:४०

आनंद झाला ताई. ईच्या उरलेल्या कॅप्सूलचं काय केलंत? फेकल्या नाहीत ना?

सुरसागरकाठी | ३ जानेवारी, रात्री ८:०५

आई रोज रात्री एक फोडून टाचांच्या भेगांना लावते.

डबीवरच्या चंद्रावर मी पांढरी पट्टी चिकटवून '३' लिहिलंय. बाबांच्या फोनवर तीनचा गजरही लावलाय. तो वाजतो, बाबा झोपलेलेच असतात. आई उठते, गजर बंद करते, पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन उशाशी उभी राहते आणि म्हणते, "अहो, चंद्र उगवला."